फेंगशुई, वास्तू आणि आपलं नागपूरचं ऊन : हॉलमध्ये माणसं बसावीत म्हणून काय करता येईल?

पायरी

नमस्कार मंडळी. मनीषनगरला तिसऱ्या आणि शेवटच्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. घरात उणं असं काही नाही, पण हॉलमध्ये कोणी टिकत नाही. सासूबाई त्यांच्या खोलीत, मुलगी तिच्या खोलीत, हे लॅपटॉप घेऊन डायनिंगवर. पाहुणे आले तरी थोड्या वेळात सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून बोलतात. दुपारी बाहेरून आलं की घरात शिरताना एक जडपणा जाणवतो, तो शब्दांत सांगता येत नाही.

गेले काही महिने मी फेंगशुईवर, म्हणजे घर मांडायच्या चिनी पद्धतीवर, वाचून राहिले आहे. त्यात मला पटलेली गोष्ट म्हणजे घरात वावरणाऱ्या माणसाच्या नजरेनं घर पाहायचं. दार उघडलं की आधी काय दिसतं, पाय कुठे वळतात, बसल्यावर पाठ कशाकडे होते, रात्री जाग आली तर समोर काय असतं. वास्तूचा सल्ला घेतला की देवघर ईशान्येला, ओटा आग्नेयेला, मोठी खोली नैऋत्येला, इथे विषय संपतो, आणि फ्लॅटमध्ये ते बिल्डरनं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

घराची रचना सांगते. मुख्य दार पूर्वेला. दारातून सरळ रेषेत हॉल आणि पुढे पश्चिमेची बाल्कनी, तिला सरकतं काचेचं दार. टीव्ही पश्चिमेच्याच भिंतीवर, म्हणून सोफ्याची पाठ मुख्य दाराकडे. दाराला लागून डाव्या हाताला कॉमन बाथरूम, तो फारसा वापरात नाही. सासूबाईंची खोली नैऋत्येला. त्यांच्या पलंगावरून आडवा बीम गेला आहे आणि समोर कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा.

एका सल्लागारांना घर दाखवलं. त्यांनी आग्नेयेला छोटं कारंजं ठेवायला सांगितलं. आमचे गुरुजी म्हणाले, ती अग्नीची जागा, तिथे पाणी अजिबात नको. आता काय करावं? नाणी, बेडूक, स्फटिक यांच्याबद्दल विचारत नाही आहे. घरात काय हलवावं, काय बदलावं, हे सांगा.

लिंबोणी

पायरीताई, मी बरीच वर्षं फेंगशुईचा अभ्यास करते. आधी कारंज्याचा गोंधळ सोडवू.

फेंगशुईची पाच तत्त्वं आपल्या पंचमहाभूतांसारखी नाहीत. त्यात लाकूड आणि धातू आहे, वायू आणि आकाश नाही. आठ दिशांना ही तत्त्वं वाटून दिलेली आहेत. आग्नेयेला लाकूड येतं, पाण्यानं लाकूड वाढतं, म्हणून तिथे पाणी सांगतात. वास्तूत तीच दिशा अग्नीची. दोन्ही सल्ले आपापल्या शास्त्रात बरोबर आहेत, पण एका कोपऱ्यात दोन्ही नांदू शकत नाहीत. घरात वडीलधारी माणसं वास्तू पाळत असतील तर दिशा वास्तूच्या ठेवा आणि फेंगशुईतला रचनेचा भाग घ्या. सासूबाईंच्या मनाला सतत टोचेल अशी वस्तू घरात ठेवून घर शांत होत नाही.

दुसरं. सल्लागाराला नेहमी विचारा, नकाशा होकायंत्रावरून लावता की दारावरून? जुन्या चिनी पद्धतीत लुओपान नावाचं होकायंत्र वापरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिन युन यांनी अमेरिकेत जी शाखा रुजवली, तिच्यात बाग्वा, म्हणजे आठ भागांचा नकाशा, थेट मुख्य दाराच्या भिंतीशी जुळवून लावतात, उत्तर कुठेही असो. त्यामुळे एकाचा धनाचा कोपरा आणि दुसऱ्याचा धनाचा कोपरा घराच्या दोन टोकांना येऊ शकतो. पुस्तकं आणि व्हिडिओ दोन्ही एकत्र करून सांगतात, म्हणून लोक गोंधळतात.

आता तुमचं घर. दारातून शिरलेली नजर थेट बाल्कनीतून बाहेर जाते. फेंगशुईत दाराला घराचं मुख मानतात आणि आत आलेली ‘ची’, म्हणजे ऊर्जा, अशी सरळ निघून जाऊ नये म्हणतात. पेइचिंगच्या जुन्या चौकवाड्यांत बाहेरचं दार बहुतेक वेळा आग्नेय कोपऱ्यात असतं आणि आत पाऊल टाकलं की समोर एक आडवी भिंत येते. वळल्याशिवाय चौक दिसत नाही. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतही दिंडीतून देवडीत, देवडीतून वळून चौकात जावं लागतं. आत येणाऱ्याला थांबून श्वास घेता यावा, घरच्यांना सावरता यावं. तुमच्याकडे ती देवडी नाही, ती तयार करायची आहे.

आणि सोफा. हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं. बसण्याची उत्तम जागा म्हणजे पाठीला भिंत, दार नजरेत, पण दाराच्या अगदी समोर नाही. तुमच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागून कोणीही येऊ शकतं. कारण न कळताही माणूस तिथून उठतो.

छज्जा

मी आर्किटेक्ट आहे, कामं बहुतेक नागपूर आणि वर्ध्याकडची. लिंबोणीताईंचं सोफ्याबद्दल पूर्ण पटलं. भूगोलाचे अभ्यासक जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. समोरचं दिसावं आणि आपण मात्र आडोशाला असावं, अशी जागा माणसाला आवडते. हॉटेलात भिंतीकडचं टेबल आधी का भरतं, ते यातून कळतं.

पण दिशांबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे, कारण लोक चीनचं ऊन नागपुरात आणतात. पेइचिंग साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर येतो आणि उत्तरेकडून बर्फगार वारा येतो. म्हणून पाठीमागे डोंगर आणि समोर दक्षिण मोकळी, ही तिथली आदर्श जागा. हे नियम हिवाळ्याला घाबरणाऱ्या लोकांनी केले आहेत.

नागपूर २१ अंशांवर. मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आणि मधल्या काळात तर भर दुपारी तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. जूनमध्ये तो पश्चिमेला नव्हे, पश्चिमेच्या जवळपास २५ अंश उत्तरेकडे मावळतो. डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. आपल्याला भीती उन्हाळ्याची. पारा ४५-४६ वर जाणं इथे बातमी नाही, मे २०१३ मध्ये तो ४७.९ वर गेला होता.

याचा अर्थ असा की नागपुरात घराचा शत्रू पश्चिम आणि वायव्य. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होतं, छज्ज्याखालून थेट आत शिरतं. आणि ज्या दक्षिणेला आपल्याकडे यमाची दिशा म्हणून लोक दचकतात, ती सांभाळायला सगळ्यात सोपी आहे. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असल्यानं दीड फुटाचा छज्जा दक्षिणेची खिडकी झाकतो. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर येतो तेव्हा त्याच छज्ज्याखालून ऊन आत येतं, हवं तेव्हाच. दक्षिणमुखी प्लॉट लोक स्वस्तात सोडून देतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पायरीताई, तुमच्या हॉलमध्ये दुपारनंतर कोणी का बसत नाही, याचं निम्मं उत्तर त्या काचेच्या दारात आहे. सोफ्यावर बसलं की पाठ दाराला आणि डोळे मावळतीच्या उन्हाला. वर स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. जडपणा वाटणारच. स्लॅबवर पांढरा चुना किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घ्या, सोसायटीची परवानगी घेऊन. बाकीच्या सगळ्या उपायांच्या आधी हे.

एक सावधगिरी. दार आणि बाल्कनीची सरळ रेषा अडवायची म्हणून छतापर्यंत पार्टिशन करू नका. मे महिन्यात रात्री बारानंतर बाहेरची हवा निवते, तेव्हा हीच सरळ रेषा तुम्हाला वाचवते. नजर अडली पाहिजे, वारा नाही. कमरेएवढं पुस्तकांचं शेल्फ किंवा लाकडी जाळी पुरे.

वाळा

पाहा ताई, मी महालातला जुना माणूस. फेंगशुई मला काही येत नाही, पण हवेचं सांगतो, काहून का कूलरबद्दल अजून कोणी बोललंच नाही अन् नागपूरच्या घरात उन्हाळ्यात कूलरच राजा राह्यते.

कूलर जिथून हवा फेकते, त्याच्या समोरच्या बाजूनं हवा बाहीर जायला जागा पाह्यजे. लोक काय करतात, एसीसारखी सगळी दारं-खिडक्या बंद करतात. मग दमटपणा आतच कोंडते, अंग चिकचिक करते, अन् म्हणतात कूलर बेकार आहे. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा चालती राह्यली पाह्यजे. कूलर शक्यतो सावलीच्या बाजूनं लावा. तापलेल्या गॅलरीतली हवा ओढून थंडी करायला त्याला दुप्पट मेहनत लागते.

अन् वाळ्याच्या ताट्या. आमच्याकडे अजूनही पश्चिमेच्या दाराला बांधतो अन् दुपारी पाणी मारतो. तो वास आला की बाहीरून आलेला माणूस दारातच शांत होते. घरात बरं वाटण्यात वासाचा वाटा किती मोठा आहे, हे कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट अडगळीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण ओरडतो. आमच्या आईचा नेम होता, त्याच्या आधी घरातलं सगळं मोडकं-तोडकं बाहीर काढायचं. बंद घड्याळ, फुटकी कुंडी, कान तुटलेला कप. तुमचे फेंगशुईवाले हेच सांगतात असं नात म्हणते. आईनं चीन पाह्यलं नव्हतं, पण घर ओळखत होती ती.

प्रश्नचिन्ह

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. ‘ची’ नावाची ऊर्जा कोणत्याही उपकरणानं मोजलेली नाही. या धाग्यात आतापर्यंत जे उपयोगाचं सांगितलं गेलं, ते ऊन, वारा, नजर आणि सवय यांचं आहे. त्याला तेच म्हणावं, म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक होत नाही.

फेंगशुईच्या नावानं झाडं विकली जातात त्याबद्दल थोडं. ‘लकी बांबू’ बांबू नाही, तो ड्रॅसिना जातीचा, मूळचा आफ्रिकेतला. मनीप्लान्टच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. लहान मूल किंवा कुत्र्यानं चावलं तर तोंडाची आग होते, म्हणून उंचावर ठेवा. झाडं घरातली हवा शुद्ध करतात हे नासाच्या १९८९ च्या अभ्यासावरून सांगतात, पण तो प्रयोग बंद पेटीत केला होता. खऱ्या घरात खिडकी उघडल्यानं जे होतं ते करायला दर चौरस मीटरमागे निदान दहा झाडं लागतील, काही हिशेबांत तर त्याच्या शंभरपट, असं २०१९ च्या फेरतपासणीत निघालं.

तरी झाड ठेवाच. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हिरवं दिसणं माणसाला बरं करतं, एवढं कारण पुरेसं आहे.

आणि ज्याच्याकडून सल्ला घेता, त्याच्याकडूनच वस्तू विकत घेऊ नका.

लिंबोणी

प्रश्नचिन्ह भाऊ, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. मी कोणालाही वस्तू सुचवत नाही.

पण ‘ची’बद्दल एक सांगते. मला ती यंत्रानं मोजता येईल असं मी कधी म्हटलं नाही. ती घर वाचायची एक रीत आहे. उन्हाचा अभ्यासक ऊन पाहतो, प्लंबर पाणी पाहतो, फर्निचरवाला लाकूड पाहतो. ‘इथून काय वाहतं, कुठे साचतं, कुठे वेगानं पळतं’ हा एकच प्रश्न घरातल्या सगळ्या गोष्टींना विचारायला मला फेंगशुईनं शिकवलं. हा प्रश्न माझ्यापासून काढून घेतला तर मी घराकडे तुकड्यातुकड्यांनी पाहीन.

बोधीसावली

जय भीम आणि नमस्कार. बेडूक-नाण्यांचा उल्लेख झाला, त्याच ओळीत दुकानांत ‘लाफिंग बुद्धा’ असतो, म्हणून लिहितो.

ती मूर्ती तथागत गौतम बुद्धांची नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये बुदाई नावाचा भिक्खू होता, पाठीवर कापडी झोळी, मोठं पोट, हसरा चेहरा. तिथले लोक त्याला मैत्रेयाचं रूप मानतात. त्या परंपरेत त्याला मान आहेच. पण आपल्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यानंतर लाखो घरांत बुद्धांची मूर्ती वंदनेच्या जागी आहे. त्याच ध्यानस्थ मूर्तीचा मुखवटा लोक ‘शांत वाटतं’ म्हणून चपलांच्या रॅकवर किंवा बाथरूमच्या भिंतीवर लावतात, तेव्हा आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खूप लागतं. ठेवायची असेल तर स्वच्छ जागी, डोळ्यांच्या उंचीवर, आणि ती कोणाची आहे हे मुलांना सांगून ठेवा. सजावट हवी असेल तर चित्रं कितीतरी आहेत.

घराच्या विषयावर एवढंच म्हणेन की आमच्याकडे हॉलमध्ये वाचनाची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे, पुस्तकांचं कपाट हाताशी. टीव्ही बाजूच्या भिंतीवर. घरात कोणी वाचत बसलेलं दिसलं की दुसरा आपोआप येऊन बसतो.

लिंबोणी

बोधीसावली दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. फेंगशुईच्या जाणत्या लोकांतही पूज्य मूर्ती जमिनीवर, बाथरूमजवळ, पायांशी ठेवू नयेत हा नियम आहे. दुकानदार तो सांगत नाहीत.

भाड्याचं_घर

मी त्रिमूर्तीनगरला भाड्यानं राहते. घरमालक खिळाही ठोकू देत नाहीत, म्हणून चुना, पार्टिशन, बीम हे सगळं माझ्या हाताबाहेर. माझ्यासारख्यांसाठी दिव्यांबद्दल सांगते.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ऑफिससारखा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, दिवेलागणीच्या उजेडासारखा. नागपुरात बहुतेक घरांत सगळीकडे ६५०० ची ट्यूब, तीही छताच्या मधोमध. मी संध्याकाळनंतर ती बंदच करते आणि ३००० चे दोन दिवे, एक खुर्चीजवळ खाली, एक कोपऱ्यात, असे लावते. अंधारा कोपरा उजळला की खोली मोठी वाटते. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर मात्र पांढराच हवा, भाजी चिरताना आणि वाचताना डोळ्यांना ताण येत नाही.

पडदेही दोन थरांचे केले. आत पातळ सुती, बाहेरच्या बाजूला जाड. सकाळी जाड पडदा उघडते, दहानंतर ओढून घेते, सूर्यास्तानंतर दोन्ही बाजूला करते. उन्हाळ्यात एवढ्या कामानं घर बदलतं.

तोटी

पायरीताई, दाराशेजारचा बाथरूम वापरात नाही म्हणालात. दुपारी जडपणा वाटतो तेव्हा वास येतो का बघा. फरशीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं, तेच गटारातला वायू वर येऊ देत नाही. आपल्या उन्हाळ्यात न वापरलेल्या बाथरूमचा ट्रॅप सुकून जातो आणि गटाराची हवा थेट घरात येते. वास इतका हलका असतो की नाकाला कळत नाही, डोकं मात्र जड होतं. दर आठवड्याला दोन मग पाणी ओता. बेसिन आणि कमोडचंही तेच.

पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं केलं, थोडं राहिलंय, ते सांगते.

तोटी भाऊ, ट्रॅप खरंच कोरडा होता. पाणी ओतल्यावर दारातला तो जडपणा बराच कमी झाला. सासूबाई म्हणाल्या, “मी तर केव्हाची सांगत होती, वास येते म्हणून.”

सोफा दक्षिणेच्या भिंतीला लावला. आता पाठीला भिंत आहे, दार उजव्या हाताला दिसतं, बाल्कनी डाव्या हाताला. टीव्ही समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर गेला. दारासमोर कमरेएवढं शेल्फ, त्यावर मनीप्लान्टची कुंडी. काल मुलगी वह्या घेऊन हॉलमध्ये येऊन बसली, कोणी बोलावलं नव्हतं.

कारंजं रद्द केलं.

आता दोन अडचणी. पहिली सासूबाईंच्या पलंगाची. डोकं दक्षिणेला असलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बीम त्याच भिंतीला समांतर, भिंतीपासून साधारण तीन फुटांवर, म्हणजे बरोबर त्यांच्या पोटावरून जातो. उत्तरेची भिंत कपाटानं भरलेली. फेंगशुईत बीमखाली झोपू नये म्हणतात आणि त्यांनाही तो दिसला की दडपल्यासारखं होतं. दुसरी अडचण पश्चिमेच्या काचेची.

लिंबोणी

सासूबाईंचं डोकं दक्षिणेलाच राहू द्या. फेंगशुईत जन्मवर्षावरून प्रत्येकाच्या चांगल्या दिशा काढायची रीत आहे, पण त्या वयात ज्या दिशेनं आयुष्यभर झोप लागली ती दिशा मोडायची नाही, असं मी मानते.

आरशाला मात्र पडदा लावाच, एक साधी दांडी आणि सुती कापड. रात्री बाथरूमला उठल्यावर अंधारात समोर काही हललेलं दिसतं आणि म्हातारं माणूस दचकतं. त्यात तोल जाण्याची भीती आहे. पलंगावरून दार दिसतंय ना, तेवढं पाहा. आणि पाय उतरतात तिथे एक छोटा पिवळा रात्रदिवा.

छज्जा

बीमसाठी फॉल्स सीलिंगचा खर्च नको. बीम आणि छताला एकच फिका रंग द्या, सध्या बीमला वेगळा रंग असेल तर तो आधी काढा. मग बीमपासून भिंतीपर्यंतच्या तीन फुटांत, बीमच्या खालच्या कडेच्या पातळीवर, पातळ सुती कापड ताणून लावा. वरून दोन तारा, कापड धुता येईल असं. डोक्यावर सपाट छत आल्यासारखं दिसतं आणि आडवी धार नजरेतून जाते. पंखा त्या पट्ट्यात येत नाही ना, एवढं बघून घ्या.

खोली नैऋत्येची आहे, म्हणजे तिथली पश्चिम भिंत संध्याकाळी सगळ्यात जास्त तापलेली असते. पलंग त्या भिंतीपासून निदान फूटभर आत सरकवा. रात्री भिंतीला हात लावून बघा, लक्षात येईल.

दिशा तपासताना मोबाइलचं होकायंत्र ग्रिल, कपाट, कॉलमपासून लांब धरा, लोखंडानं काटा फिरतो. खात्री करायची असेल तर २१ मार्चच्या किंवा २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य जिथे उगवतो ती बिनचूक पूर्व.

वाळा

कारंजं रद्द केलं ते बरंच झालं ताई. घरात साचलेलं पाणी नकोच. कूलरच्या टाकीचंही ध्यान ठेवा. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, सुकवून मगच भरा, डासांची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राह्यतात. मृग लागल्यावर कूलर बंद होते अन् टाकी तशीच भरलेली राह्यते, तिथूनच डेंग्यू येते.

पश्चिमेच्या बाल्कनीला वाळ्याच्या ताट्या लावता येतील का?

छज्जा

काकाजी, लावता येतील, पण तिसऱ्या मजल्यावर रोज पाणी मारणं आणि खालच्या गॅलरीत ते टपकणं, यावरून शेजाऱ्यांशी वाद होईल. त्यापेक्षा बुरडाकडून बांबूचा गुंडाळता येणारा पडदा करून घ्या. मापं घेताना दाराच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्त धरा, कारण जूनमध्ये ऊन उत्तरेच्या कडेनं तिरपं शिरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडदा काचेच्या बाहेर, बाल्कनीच्या कठड्याच्या रेषेत टांगा. आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, मग पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. कठडा आणि पडदा यांच्यात चार बोटं जागा सोडा, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. खालच्या टोकाला दोन्हीकडे दोरीनं बांधा, वैशाखातल्या वावटळीत सुटा पडदा टिकत नाही. दुपारी एकला सोडायचा, सूर्य मावळला की गुंडाळायचा. बांबू नको असेल तर चौकांत सिग्नलवर उन्हाळ्यात बांधतात ती हिरवी नेट दुपदरी करून तशीच ताणा, फक्त तिच्यातून येणारा उजेड हिरवट असतो आणि हॉलमध्ये चेहरे आजारी दिसतात.

पायरी

बांबूचाच करते. आज माप घेतलं, दार आठ फूट, पडदा नऊचा सांगते.